घरचं भात कुठवर पुरतं?

वैशाख सरत आला की एखाद्या पहाटे आमच्या परसात तीन दगडांच्या चुलीवर तांब्याचा मोठा हंडा चढतो. रात्रभर पाण्यात भिजलेलं भात त्यात उकळू लागलं की एक ओलसर, ऊबदार वास घरभर पसरतो. भाताचं टरफल जरासं फुटलं की सासूबाई हंडा उतरवतात, भात निथळतात आणि चटईवर पसरतात. पावसाळाभर पेजेला लागणारा उकडा तांदूळ ह्याचाच व्हायचा. लांज्यात नि आसपासच्या गावांतून आजही पुष्कळ घरी हे दृश्य दिसतं. मात्र दरवर्षी दोन-चार घरांनी कमी.

यंदा हंडा उतरवता उतरवता सासूबाई म्हणाल्या, "कणगीत आता पेरणीपुरतंच भात राहिलंय. यंदा पेरायचं की मळ्या पड टाकायच्या, ते तुम्ही दोघं एकदा मला सांगून टाका."

ह्यांनी हिशेबाची वहीच पुढे केली. "आई, बसतच नाही गं हिशेब. पॉवर टिलरचं भाडं, लावणीची माणसं, खत, कापणी... त्यापेक्षा दुकानातून पोती आणू."

सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "आणा की. पण दुकानात येतो कुठून तो? तोही कुणीतरी पेरलेलाच ना?"

मी चहा गाळत होते, ती तशीच थांबले. शाळेत मी मुलांना भूगोल शिकवते. 'कोकणात भात हे मुख्य पीक आहे' हे वाक्य दर जूनमध्ये फळ्यावर लिहिते. पण माझ्याच स्वयंपाकघरातला तांदूळ कुठून येतो, कुणाच्या हातून येतो आणि तो यायचा थांबला तर काय, ह्याचा मी कधी विचारच केला नव्हता. तो विचार करायचं मी त्या दिवशी ठरवलं. दुकानदाराला विचारलं, गिरणीवाल्याला विचारलं, रेशनच्या रांगेतल्या बायकांशी बोलले, जुने संदर्भ चाळले. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडते आहे.

महिन्यांचं गणित

आमच्याकडच्या जुन्या बायका एकमेकींना "किती भात पिकलं?" असं विचारत नसत. "घरचं भात कुठवर पुरतं?" असं विचारत. कुणाचं शिमग्यापर्यंत पुरे, कुणाचं मृगापर्यंत. वर्षभर पुरणारं घर म्हणजे सुखवस्तू. बाकीच्यांना पुढले महिने नाचणी-वरीवर आणि मुंबईच्या मनीऑर्डरीवर काढावे लागत. अर्थशास्त्रातला 'अन्नसुरक्षा' हा भारदस्त शब्द मला ह्या एका प्रश्नात पुरता सापडतो.

आता आमच्याच घराचं गणित बघा. मळ्या पंधरा गुंठ्यांच्या. गेल्या हंगामात भात झालं चार क्विंटल. सरकारी हिशेबात शंभर किलो भातापासून सदुसष्ट किलो तांदूळ धरतात. बाकी तूस आणि कोंडा. म्हणजे आमचा तांदूळ झाला २६८ किलो. आम्ही पाच माणसं, महिन्याला चाळीस किलो लागतो. म्हणजे साडेसहा महिने. दिवाळीपासून वैशाखापर्यंत!

आता पैशांची बाजू. तेवढाच तांदूळ पंचेचाळीस रुपये किलोनं विकत घेतला असता तर १२,०६० रुपये पडले असते. ह्यांच्या वहीत शेतीचा खर्च आहे ११,३०० रुपये. फरक सातशे साठ रुपयांचा! त्यात आमच्या घरच्या माणसांच्या कष्टांची मजुरी धरलेलीच नाही. गुरांना पेंढा मिळाला, हा काय तो नफा. आणि भात विकायचं म्हटलं असतं तर? २०२५-२६ च्या खरिपासाठी साधारण भाताचा हमीभाव होता क्विंटलला २,३६९ रुपये. म्हणजे चार क्विंटलांचे ९,४७६. खर्चसुद्धा निघत नाही.

तेव्हा हे चुकीचं बोलत नव्हते. आमच्या भागातल्या मळ्या आळसापायी पड पडत नाहीत, तर ह्या वहीपायी पडतात. घरातली तरणी माणसं मुंबईत, मजुरीला माणूस मिळत नाही, पीक तयार झालं की रानडुकरं आणि वानरं. आणि ह्यातून वाचलं तर ऐन कापणीत पाऊस. २०१९ च्या ऑक्टोबरात क्यार वादळाच्या पावसात कापलेलं भात मळ्यांमध्ये भिजत पडलं आणि त्याला कोंब फुटले, ते कोकणातलं कुठलं घर विसरेल?

तरीही सासूबाईंचा प्रश्न उरतोच. दुकानात येतो कुठून?

तांदळाच्या तीन वाटा

लांज्याच्या स्वयंपाकघरात आज तीन वाटांनी तांदूळ येतो. पहिली वाट सर्वांत आखूड: मळीतून खळ्यावर, खळ्यावरून कणगीत, कणगीतून गिरणीवर आणि गिरणीवरून डब्यात. ती सगळी मिळून कोसभराचीही नसेल.

दुसरी वाट दुकानाची. आमच्या वाण्याकडे उभ्या असलेल्या पोत्यांची मी एकदा मोजदाद केली. इंद्रायणी घाटमाथ्याचा. हे वाण मावळातल्या वडगावच्या संशोधन केंद्रातून १९८७ साली बाहेर पडलं. सोना मसुरी आंध्र-तेलंगण-कर्नाटकाकडचा. कोलम म्हणून जो मिळतो, तो कधी विदर्भातला, तर कधी मध्य प्रदेशातला. हा माल कोल्हापूरच्या घाऊक व्यापाऱ्यांकडून आंबा घाट उतरून येतो, नाही तर वाशीच्या दाणाबाजारातून मुंबई-गोवा महामार्गानं. महामार्ग आमच्या गावातूनच जातो, तेव्हा ट्रकांना काय तोटा, असं वाटतं. पण २०२१ चा जुलै आठवा. २२ जुलैला चिपळूण पाण्याखाली गेलं. महामार्गावरचा वाशिष्ठीवरचा पूल खराब झाला, कोकण रेल्वे थांबली, आणि त्याच पावसात आंबा घाटाचा रस्ता खचून जड वाहनं काही काळ बंद राहिली. उत्तरेची वाट अडली आणि पूर्वेचीही. त्या दिवसांत आमच्या डब्यात घरचा तांदूळ होता म्हणून मला घोर नव्हता. शेजारणी मात्र दुकानाच्या पायरीवर "पुढचा माल कधी?" म्हणून विचारत होत्या.

तिसरी वाट रेशनची, आणि ती सर्वांत लांब. पंजाब, छत्तीसगड, तेलंगण, ओडिशा ह्यांसारख्या राज्यांत, आपल्याकडे प्रामुख्यानं भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली ह्या जिल्ह्यांत सरकार हमीभावानं भात घेतं. ते गिरण्यांत भरडलं जातं, तांदूळ सरकारी गोदामांत जातो. १९६५ साली स्थापन झालेलं भारतीय अन्न महामंडळ तो जिथे कमी तिथे पाठवतं. एका मालगाडीत अडीच हजार टनांहून अधिक धान्य मावतं. मग जिल्ह्याचं गोदाम, तालुक्याचं गोदाम, तिथून ट्रकनं रेशन दुकान आणि शेवटी आपली पिशवी. छत्तीसगडच्या एखाद्या बाईनं वाकून लावलेलं भात इतके हात बदलून लांज्याच्या एखाद्या काकींच्या पातेल्यात शिजतं. आणि ह्या वाटेवर कोट्यवधी घरं उभी आहेत.

साखळी तुटते तेव्हा

मला सर्वांत नवल वाटलं ते एका गोष्टीचं. दूरवरच्या तांदळावर आपण आजच अवलंबून राहू लागलो, असं मी समजत होते. पण ही गोष्ट जुनी आहे. इंग्रजी अमदानीत ब्रह्मदेश हे जगाचं तांदळाचं मोठं कोठार होतं आणि रंगूनचा तांदूळ बोटीनं मुंबईला येत असे. मार्च १९४२ मध्ये जपान्यांनी रंगून घेतलं आणि ती वाट एका दिवसात बंद झाली. पुढच्याच साली मुंबईत रेशनिंग आलं. बंगालमध्ये तर १९४३ चा तो भयंकर दुष्काळ पडला. सुमारे तीस लाख माणसं त्यात गेली असा अंदाज आहे. धान्य अजिबातच नव्हतं असं नाही. ज्यांना ते मिळवता आलं नाही, ती माणसं मेली, हे अमर्त्य सेन ह्यांनी १९८१ च्या आपल्या पुस्तकात दाखवून दिलं. धान्य देशात असणं आणि ते आपल्या पातेल्यात असणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ह्यातून कळतं.

१९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात रेशनवर अमेरिकेतून आलेला लाल मिलो खावा लागला. त्याच्या भाकरीची चव आमच्या वडीलधाऱ्या बायका अजून विसरलेल्या नाहीत. त्या महागाईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर ह्यांच्या पुढाकारानं मुंबईत बायकांचे लाटणं मोर्चे निघाले. तांदूळ-गोडेतेलाचा भाव हा निव्वळ स्वयंपाकघराचा नाही, तो राज्यकर्त्यांना विचारायचा प्रश्न आहे, हे त्या बायकांनी दाखवून दिलं.

मग आला १९८२ चा गिरणी संप. १८ जानेवारीला सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते, आणि त्यांत कोकणचे चाकरमानी किती! तोवर मुंबईची मनीऑर्डर गावची चूल पेटवत होती. आता ती थांबली. किती तरी कुटुंबं बोचकी घेऊन गावी परतली आणि गावच्या कणगीनं त्यांना पोसलं. सासूबाई सांगतात, त्या वर्षी आमच्या घरी एका वेळी चौदा पानं होती. भात शिमग्याआधीच संपलं, मग नाचणी, मग उसनवार. पण कुणी उपाशी निजलं नाही.

हेच पुन्हा २०२० मध्ये घडलं. टाळेबंदीत मुंबईहून मिळेल त्या वाहनानं, काही तर पायी, माणसं गावी आली. ह्या खेपेला कणग्या पूर्वीइतक्या भरलेल्या नव्हत्या. पण एप्रिल २०२० पासून शिधापत्रिकेवर माणशी पाच किलो धान्य जास्तीचं आणि फुकट मिळू लागलं. ते डिसेंबर २०२२ पर्यंत चाललं. १९८२ साली जे काम कणगीनं केलं ते २०२० साली निम्मं कणगीनं आणि निम्मं रेशननं केलं, असं मी म्हणेन.

आणि साखळी नुसती गरिबाचीच तुटते असंही नाही. २० जुलै २०२३ रोजी देशात भाव चढू लागल्यामुळे सरकारनं साध्या पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली. ती बंदी सप्टेंबर २०२४ अखेरीस उठली. जगाच्या बाजारातला चाळीस टक्क्यांच्या आसपास तांदूळ आपल्या देशाचा. अमेरिकेतल्या आपल्या लोकांची एकच धांदल उडाली. न्यू जर्सीहून माझ्या नणंदेचा फोन: "वहिनी, दुकानात घरटी एकच पिशवी देताहेत!" डॉलर हातात, पण तांदूळ नाही. सासूबाईंनी फोन घेऊन पहिला प्रश्न काय विचारला असेल? "घरातला कुठवर पुरेल?"

रेशनकार्डावर पहिलं नाव कुणाचं?

आमचं कार्ड केशरी, अन्नसुरक्षेच्या यादीत नाही. म्हणून इतकी वर्षं मी त्या रांगेकडे लक्षच दिलं नव्हतं. मग शेजारच्या काकींनी एक दिवस मला सोबत नेलं. त्यांचा अंगठा यंत्रावर उमटत नव्हता. साठ वर्षं चिखल तुडवून, पेंढा आवळून त्या बोटांवरच्या रेषाच झिजल्यात. चार खेपा झाल्या. प्रत्येक वेळी "पुढच्या आठवड्यात या" म्हणून परत पाठवलेलं. ज्या बाईनं आयुष्यभर भात लावलं, तिचीच ओळख यंत्राला पटेना! मला अक्षरशः गलबलून आलं.

तेव्हा मी कायदा वाचून काढला, आणि त्यातल्या काही गोष्टी प्रत्येक बाईला ठाऊक असाव्यात असं वाटलं. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा. महाराष्ट्रात तो फेब्रुवारी २०१४ पासून लागू झाला. ह्या कायद्यानं शिधापत्रिकेवर कुटुंबप्रमुख म्हणून नाव लागतं ते घरातल्या अठरा वर्षांवरच्या सर्वांत मोठ्या बाईचं. म्हणजे रेशनचा तांदूळ कायद्यानं तुमच्या नावावर येतो! प्राधान्य कुटुंबाला माणशी दरमहा पाच किलो धान्य आणि अंत्योदय कुटुंबाला घरटी पस्तीस किलो. पूर्वी तांदळाला किलोमागे तीन रुपये पडत. १ जानेवारी २०२३ पासून हे धान्य विनामूल्य झालं आणि जानेवारी २०२४ पासून पुढच्या पाच वर्षांसाठी ती सवलत वाढवली.

केवळ अंगठा जुळत नाही म्हणून धान्य नाकारू नये, अशा केंद्राच्या सूचना २०१७ पासूनच आहेत. अशा वेळी आधार केंद्रावर जाऊन बोटांचे ठसे नव्यानं द्यावेत, डोळ्यांच्या ओळखीची सोय आहे का ते विचारावं, आणि फारच वृद्ध माणूस असेल तर त्याच्या वतीनं दुसऱ्याचं नाव नोंदवता येईल का, ह्याची तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत चौकशी करावी. पावती मागून घ्यावीच. तक्रारीसाठी १९६७ हा दूरध्वनी क्रमांक आहे. कायद्यात जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आहे, दक्षता समित्या आहेत आणि त्या समित्यांत स्त्रियांना स्थान द्यावं असंही म्हटलं आहे. ठरलेलं धान्य मिळालंच नाही तर भत्ता मिळण्याची तरतूदसुद्धा आहे. काकींचं काम आधार केंद्रावर दोन फेऱ्या मारल्यावर झालं. पाचव्या खेपेला तांदळाची पिशवी घेऊन बाहेर पडताना त्या म्हणाल्या, "भीक नव्हती गो मागत मी." खरंच आहे. भीक नव्हे, हक्कच.

आणखी एक. काकींचा मुलगा सुनेसह मुंबईत असतो आणि नावं गावच्या कार्डावर. 'एक देश, एक रेशनकार्ड' योजनेमुळे तो आपल्या वाट्याचं धान्य मुंबईत उचलू शकतो आणि काकी आपल्या वाट्याचं इथे. पुष्कळांना हे माहीतच नसतं आणि धान्य महिनोन् महिने न उचललेलं राहतं.

रेशनच्या तांदळातले 'प्लास्टिकचे' दाणे म्हणून काकी काही दाणे निवडून फेकत होत्या. तुमच्याकडेही कुणी तसं करत असेल तर जरूर सांगा. ते प्लास्टिक नव्हे. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक आम्ल आणि ब-१२ जीवनसत्त्व मिसळून ते दाणे बनवले गेले आणि शंभर दाण्यांत एक ह्या प्रमाणात तांदळात मिसळले गेले. दिसायला जरा वेगळे, धुताना तरंगतात, इतकंच. मार्च २०२४ पर्यंत देशभरच्या रेशनवर असा तांदूळ पोचवला गेला. तो फार चोळून धुऊ नये आणि पाणी बेताचं घालून शिजवावा, म्हणजे सत्त्व पाण्याबरोबर जाणार नाही.

उकड्याचं शहाणपण

सत्त्वाचा विषय निघाला म्हणून सांगते. आपल्या आज्या उकडा का करत? भात सालासकट उकडलं की कोंड्यातलं ब जीवनसत्त्व दाण्याच्या आत शिरतं आणि गिरणीत भरडल्यावरही बऱ्याच अंशी टिकतं. शिवाय उकडा भरडताना कमी फुटतो, कणी कमी पडते. १८९० च्या दशकात जावा बेटावर आइकमन नावाच्या डच डॉक्टरला दिसलं, की पांढऱ्याशुभ्र सडलेल्या तांदळावर ठेवलेल्या कोंबड्या लुळ्या पडतात आणि कोंड्यासकट तांदूळ दिला की बऱ्या होतात. माणसांतल्या बेरीबेरी रोगाचं मूळ त्यातून उमगलं आणि १९२९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. आमच्या आज्यांना कुणी पारितोषिक दिलं नाही. पण सकाळी उकड्याची पेज पिऊन दुपारपर्यंत लावणी करता येते, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं.

साठवणीच्या चार गोष्टी

पावसाळा तोंडावर आहे, तेव्हा ह्याही सांगून टाकते. भात सालात असेपर्यंत जास्त टिकतं, म्हणून सगळं एकदम भरडून आणू नये; महिन्या-दोन महिन्यांपुरतंच भरडावं. भात पुरतं वाळलं की नाही ते दाताखाली धरून पाहावं. कट्कन तुटलं तर वाळलं, चेपलं तर अजून ऊन हवं. तयार तांदूळ मात्र कडक उन्हात ठेवू नये, तडकतो आणि शिजताना त्याचा चुरा होतो. सावलीत वाऱ्यावर पसरावा. डबा कोरडा करून तांदळाच्या मधेमधे कडुनिंबाचा सुकवलेला पाला घालावा. पोतं जमिनीला वा भिंतीला टेकू देऊ नये, खाली फळी घालावी. काही घरी अजून बोरिक पावडर चोळतात. ती पोटात जाणं चांगलं नाही, ती सवय सोडलेली बरी. आणि मृगाआधी घरात किमान दीड-दोन महिन्यांचा तांदूळ असावा. घाट बंद पडणार आहे, हे घाट आधी कळवत नाही.

मग यंदा पेरायचं का?

इतकं सगळं वाचून-विचारून मी पुन्हा ह्यांच्या वहीपाशी आले. वहीतली सर्वांत मोठी रक्कम मजुरीची. ती कमी झाली तरच हिशेब बसणार. आमच्या बचत गटातल्या सहा जणींच्या लहान लहान मळ्या आहेत आणि सहाही घरांत हीच वही आहे. पूर्वी आळीपाळीनं एकमेकींच्या शेतात लावणीला जायची रीतच होती. आज माझ्या, उद्या तुझ्या. पैसा मधे येतच नसे. तीच रीत पुन्हा धरायची असं ठरलं.

दुसरं, चारसूत्री पद्धत. डॉ. ना. कृ. सावंत ह्यांनी ती कोकणच्या लहान शेतकऱ्यासाठी बसवून दिली. तुसाची काळी राख रोपांच्या वाफ्यात मिसळायची, गिरिपुष्पाचा पाला चिखलात गाडायचा, खुणा केलेली दोरी धरून ठरावीक अंतरावर थोडीच रोपं लावायची, आणि चार चुडांच्या मध्यभागी युरिया-डीएपीची गोळी खोचायची. बियाणं कमी, रोपं कमी, खत वाहून जात नाही. गिरिपुष्प तर आमच्या कुंपणालाच आहे! दापोलीचं कृषी विद्यापीठ १९७२ साली झालं. त्याच्या शिरगाव आणि कर्जत केंद्रांनी काढलेली रत्नागिरी आणि कर्जत नावांची वाणं आमच्याच मातीसाठी आहेत. हळवं, निमगरवं, गरवं असं दोन-तीन प्रकारचं बी थोडंथोडं पेरलं, तर ऑक्टोबरच्या पावसानं गाठलं तरी सगळंच भिजणार नाही, हा सल्ला मात्र सासूबाईंचा.

ह्यानं आम्ही श्रीमंत होऊ असं नाही. रानडुकरं येणारच आहेत. वहीत फार तर दोन-तीन हजारांचा फरक पडेल. दुकान आणि रेशन ह्यांवाचून आमचं भागेल असंही नाही. साडेसहा महिन्यांच्या पुढे आम्हांलाही पिशवी घेऊन जावं लागणारच. पण तीन वाटांपैकी एक आपल्या हातात असलेली बरी. बाकीच्या दोन जिथून येतात तिथली माणसं, तिथला पाऊस, तिथले रस्ते आपल्या हातात नाहीत.

एक गोष्ट मात्र मी कबूल करते. हे म्हणाले, "सगळ्यांनीच हिशेब पाहून पड टाकलं तर दुकानात यायचं कुठून?" हा प्रश्न आईंनी पहाटे विचारला तेव्हा ह्यांनी ऐकलाच नव्हता म्हणे! मी काही बोलले नाही.

रोहिणी नक्षत्रावर धूळवाफेची पेरणी झाली. सासूबाईंनी स्वतः मूठ टाकली. उकडा वाळून गिरणीतून आला, डब्यात भरला. सुताच्या दोरीवर पंधरा आणि पंचवीस सेंटीमीटरवर लाल चिंधीच्या खुणा बांधायचं काम माझ्याकडे आहे. यंदा फळ्यावर ते नेहमीचं वाक्य लिहिलं की मुलांना एक प्रश्न घरी विचारून यायला सांगणार आहे. तुम्हीही एकदा आपल्या डब्याचं झाकण उघडून स्वतःला विचारून बघा:

आपल्या घरचा तांदूळ कुठून येतो, आणि तो कुठवर पुरेल?